आपाच्या दुकानाचे बारा शेरे

तो पहिला शेरा महेजबीनच्या वाचण्यात आला तेव्हा ती धाड गावच्या आठवडी बाजारात भेंडी निवडत होती. भेंडीवाली तागडी धरून उभी होती आणि इकडं हातातला मोबाईल थरथरला. बाहेरगावच्या माणसाला रस्ता सापडावा म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच मोबाईलच्या नकाशावर आपल्या दुकानाचं नाव चढवलं होतं. फकीर मोहम्मद कृषी सेवा केंद्र. त्या नावाखाली आज कुणीतरी लिहिलं होतं: 'ही बाई चोरबीटी विकते. बिल मागितलं तर हाकलून देते. शेतकरी बांधवांनो सावध.' पाच ताऱ्यांपैकी एकच तारा दिलेला. लिहिणाऱ्याचं नाव 'किसान मित्र', आणि चेहऱ्याच्या जागी ट्रॅक्टरचं चित्र.

तिला आधी हसूच आलं. जो माल तिनं महिन्यापूर्वी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवला होता, तोच विकल्याचा आरोप! पण हसू घरापर्यंत काही टिकलं नाही. घरी पोचली तेव्हा लक्षात आलं, भेंडी बाजारातच राहिली.

हे तेवीस सालच्या जूनमधलं. पाऊस लांबला होता, ठिबकवाल्यांनी तेवढी सरकी टोबून लावली होती, बाकीचे आभाळाकडं बघत होते. चोरबीटी म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या कपाशीचं बियाणं. सरकारची मंजुरी नाही, पाकिटावर लॉट नंबर नाही, पत्ता नाही. निंदायला बाया मिळेनात म्हणून लोक ते मागायचे आणि दयारामसारखी माणसं ते मोटरसायकलवरून पुरवायची. अमडापूर, साखरखेर्डा, धाड असा त्याचा फेरा असे.

"ठेवून तं घ्या आपा," तो मे महिन्यात पायरीवर पिशवी टेकवत म्हणाला होता. "अर्धा तालुका हेच लावून राह्यला."

"लावू दे. माह्या दुकानात नाही."

"गिऱ्हाईक जाईन तुमचं."

"जाऊ दे."

"पाहा बरं. मंग म्हणसान, दयारामनं सांगतलं नव्हतं."

गिऱ्हाईक तिनं सहजासहजी मिळवलेलं नव्हतं. तिचा आजा गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचा. अब्बांनी, फकीर मोहम्मदांनी, फवारणीचे पंप दुरुस्त करता करता बियाण्याचं दुकान टाकलं. महेजबीन अकोल्याला शेतकी शिकली. लग्न झालं, नवरा सकलैन उर्दू शाळेत मास्तर. अब्बांचे गुडघे गेले तसा परवाना तिच्या नावावर झाला. पहिली दोन वर्षं लोक दारातूनच विचारायचे, "अब्बा नाही का?" आणि नाहीत म्हटलं की चहा पिऊन येतो म्हणून निघून जायचे. सतरा साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, तेव्हा ही बाई स्कूटीवरून शेतोशेत हिंडली. बोंड फोडून अळी दाखवायची आणि सांगायची, आता फरदडीचा, त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेण्याचा, लोभ धरू नका, पऱ्हाट्या उपटा. लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या. पुढच्या वर्षी तेच लोक विचारायला आले. तेव्हापासून ती सगळ्यांची आपा, थोरली बहीण, झाली.

ती आपा आता नऊ दिवसांत बारा शेऱ्यांची धनी झाली होती.

दुसरा शेरा आला, तिसरा आला. 'बोगस बियाणं.' 'मुदत संपलेलं औषध नवीन चिठ्ठी लावून विकते.' 'माझ्या चुलत्याचं दहा एकर बुडवलं.' हा चुलता कोण, दहा एकर कुठं, काही नाही. माणसं दुकानासमोर थांबायची, मोबाईलकडं पाहायची आणि एसटी स्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानाकडं चालू लागायची. मग एके दिवशी कृषी खात्याची जीप आली. निरीक्षक भला माणूस होता. "तक्रार आली की यावं लागतं ताई," म्हणाला. गोदाम पाहिलं, साठा फलक पाहिला, एक एक लॉट नोंदवहीशी ताडून पाहिला आणि 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं लिहून सही केली. पण जीप दोन तास दारात उभी होती. जीप सगळ्या धाडनं पाहिली, तो कागद मात्र कुणी पाहिला नाही.

महेजबीनला एका जागी बसवेना. खताच्या गोण्या या भिंतीवरून त्या भिंतीला लावायची, पुन्हा तिथून हलवायची. दर पाच मिनिटांनी मोबाईल. नमाज पढताना रकातींची मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याच दिवशी, जीप गेल्यावर, मंजुळाबाई म्हणून एक जुनी गिऱ्हाईक दारात आली. काहीतरी उगवणीबद्दल सांगत होती. महेजबीननं धड ऐकूनही घेतलं नाही. "पाणी कमी पडलं असन मावशी," एवढं म्हणून ती पुन्हा मोबाईलमध्ये शिरली.

आणि मग तिनं ते केलं. 'किसान मित्र'च्या शेऱ्याखाली उत्तर लिहिलं: 'हे सगळे खोटे शेरे दयारामचे आहेत. तो स्वतः चोरबीटी विकतो. चोर आहे. त्याचं ऐकू नका.' बोट दाबलं आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. अर्धा तास.

पाचव्या दिवशी पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. दयारामच्या वकिलाची नोटीस. आमच्या अशिलास जाहीररीत्या चोर संबोधून आपण त्यांची बदनामी केली आहे, सबब पंधरा दिवसांत जाहीर माफी मागावी, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल.

अब्बांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "बदनाम आपण झालो," ते म्हणाले, "अन् नोटीसबी आपल्यालेच?"

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं बुलढाण्याला गेली. कोर्टाजवळ वकील धम्मशीला हिवाळे यांची एका खोलीची कचेरी होती. पन्नाशीच्या बाई, कपाळावर चष्मा, टेबलावर फायलींची रास. महेजबीनचं सगळं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"पहिलं काम," त्या म्हणाल्या, "ते तुमचं उत्तर काढा. आत्ता, माझ्यासमोर."

"पण मॅडम, ते खरं हाय!"

"खरं आहे हे तुम्हाले माहीत आहे, का वाटते?"

महेजबीननं मोबाईल टेबलावर उपडा ठेवला.

"तो पिशवी घेऊन आला, हे तुम्ही पाह्यलं. हे शेरे त्यानं लिहिले, हे कोणी पाह्यलं?"

"पाह्यलं नाही कोणी. पण दुसरं कोण असन?"

"संशय घेऊन मी कोर्टात उभी राहू शकत नाही. काढा. अन् काढायच्या आधी त्याचा फोटो घ्या. पुरावा दडपला असं उद्या कोणी म्हणायला नको."

तिनं फोटो घेतला, उत्तर काढलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. धम्मशीलाबाईंनी तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला आणि मग सावकाश एकेक वाट सांगितली. बदनामी हा गुन्हा आहे, पण अदखलपात्र. पोलीस नोंद घेतील, पण तपास करायचा तर न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. नाव माहीत असेल तर आपण थेट कोर्टात फिर्याद देऊ शकतो. दिवाणी दावाही लावता येतो, मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते, पण वर्षाच्या आत. आणि या दोन्हींच्या आधी, नकाशाच्या कंपनीचा तक्रार अधिकारी. त्याला चोवीस तासांत पोच द्यावी लागते, पंधरा दिवसांत काय ते कळवावं लागतं.

"मंग ते काढून टाकतीन?"

"बदनामी झाली का नाही हे कंपनी ठरवत नाही. कोर्टाचा कागद आणा म्हणते. पण खोटी नावं घेऊन लिहिणं, कधी दुकानात न येता लिहिणं, हे त्यांच्या स्वतःच्या नियमात बसत नाही. आपण तिथून धरू. एकेका खात्यावर जाऊन पाहा, याहीनं आणखी कुठं काय लिहिलं. सगळं तारखेसकट, वर दिसणाऱ्या वेबपत्त्यासकट छापून आणा. मोबाईलमधला पुरावा कोर्टात टिकायला सोबत प्रमाणपत्र जोडावं लागते, ते मी करते."

मग त्यांनी बाराही शेऱ्यांचे कागद टेबलावर मांडले आणि वेगळे करायला घेतले. दोन डावीकडं सरकवले. "'भाव जास्त लावते.' 'बाई फटकळ आहे.' हे मत झालं. मत ठेवायचा हक्क आहे लोकाहीले. तुम्ही फटकळ आहात का?"

"हाव."

"मग सोडून द्या." बाई पहिल्यांदा हसल्या. नऊ कागद त्यांनी उजवीकडं ठेवले. "हे आपले. चोरबीटी विकते, चिठ्ठ्या बदलते. यात घटना सांगितली आहे, अन् ती खोटी आहे हे निरीक्षकाच्या कागदानं दाखवता येते."

हातात एक कागद उरला. तो त्यांनी मोठ्यानं वाचला. त्यात ना स्वल्पविराम होता ना पूर्णविराम: "'आपा तुमच्या दुकानातून दोन पाकीट नेले अर्धी पऱ्हाटी निघालीच नाही सांगायले आली तं तुम्ही म्हणल्या पाणी कमी पडलं पाणी कमी नोतं पडलं ठिबक चालू होती तुम्ही येऊन पाहा.' खाली पूर्ण नाव आहे. मंजुळाबाई. फोटोही खरा दिसतो. ह्या कोण?"

महेजबीनचे कान गरम झाले. "गिऱ्हाईक हाय. जुनी." मग म्हणाली, "याच्यावर नोटीस देता येते का?"

"खोटं असेल तर देता येईल. खरं असेल तर तोंडघशी आपण पडू." त्यांनी कागद तिच्याकडं वळवला. "तुम्ही जाऊन पाह्यलं का?"

परतीच्या एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली होती, पण तिनं बाहेर पाहिलंच नाही. नऊ खोट्या कागदांनी दिला नव्हता तेवढा ताप तो एक कागद देत होता.

सकाळी सातलाच ती मंजुळाबाईच्या शेतावर पोचली. मंजुळाबाई ठिबकच्या नळ्या पाहत होती. हिला पाहून ती सरळ उभी राहिली, पण या म्हणाली नाही. महेजबीन चपला काढून तासांत, पिकाच्या ओळींत, शिरली. चार रोपं, मग हात-दीड हात मोकळं. दोन रोपं, पुन्हा मोकळं. तिनं मोकळ्या जागी बोटानं माती उकरली. माती ओली. सरकी फुगून तशीच सडलेली. दुसरीकडं उकरलं. तेच.

"अन् हे पलीकडचं?"

"ते दुसऱ्या कंपनीचं. एकच पाकीट होतं," मंजुळाबाई म्हणाली. "एकाच दिवशी टोबलं. पाणीबी एकच."

पलीकडच्या तासांत एक रोप चुकलेलं नव्हतं. महेजबीन तिथंच मातीत बसली.

"मी तुमचं नाव खराब करायले नाही बोलली," मंजुळाबाईचा आवाज चढला. "दुकानात सांगायले आली होती. तुम्ही मान वर केली नाही. मंग सुनेनं दाखवलं, इथं तोंडानं बोललं की लिहून जाते. म्हणून बोलली. आपा वाचतीन, येतीन. तुम्ही आल्या कधी? आज!"

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं म्हणून पऱ्हाटी निघते का? हंगाम हातचा चालला माया."

महेजबीननं विचारलं, "पाकीट ठेवलं का? बिल?" मंजुळाबाईनं झोपडीच्या आढ्याला खोचलेली दोन्ही रिकामी पाकिटं काढून आणली. बिल आत दुमडून ठेवलेलं. फेकून दिलं असतं तर सगळंच संपलं असतं. दोघींनी त्याच दिवशी तालुका तक्रार निवारण समितीकडं लेखी अर्ज दिला, पाकीट, बिल, लॉट नंबर, सगळं जोडून. मग महेजबीननं दुकानात येऊन त्याच लॉटची बिलं काढली. तेवीस जणांना फोन लावले. चौघांची तीच रड निघाली. "मंग सांगतलं काऊन नाही?" असं तिनं विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "आपा, मोबाईलवर तुमचं असं वाचलं होतं. म्हटलं, बोगसच विकते तं सांगून काय फायदा?"

कंपनीच्या माणसाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "ताई, तुम्ही आमच्या विक्रेत्या. शेतकऱ्याच्या अर्जावर तुमची सही कशी काय? पाणी कमी होतं म्हणा, विषय संपला. नाही तर पुढच्या हंगामात माल देणं अवघड होईल."

फोन ठेवून ती दुकानात येरझारा घालू लागली. ही एक कंपनी गेली तर निम्मं दुकान रिकामं दिसणार. वर हे शेरे. वर दयारामची नोटीस. अब्बा खुर्चीवर बसून बघत होते.

"काय सांगू अब्बा, त्याहीले?"

फकीर मोहम्मद गुडघे चोळू लागले. "मी असतो तं गप बसलो असतो," ते म्हणाले. "बसलोबी हावो एक-दोनदा. तू नको बसू."

समिती आली, ओळी मोजल्या, रोपं मोजली, पंचनामा झाला. महेजबीननं साक्षीदार म्हणून सही केली. तपासणीचा अहवाल यायला श्रावण उजाडला: बियाण्यात दोष. तोवर मंजुळाबाईनं मोकळ्या जागी तूर लावून हंगाम जमेल तेवढा सावरला होता. भरपाईसाठी तिनं ग्राहक मंचाकडं अर्ज केला, तोही धम्मशीलाबाईंनीच लिहून दिला. कंपनीनं मात्र सांगितल्याप्रमाणे माल बंद केला.

दयारामच्या नोटिशीला उत्तर गेलं: मजकूर काढून टाकला आहे, तो आमच्या अशिलाच्या अंदाजावर आधारलेला होता, त्याबद्दल खेद आहे. सही करण्याआधी महेजबीननं तो 'खेद' शब्द दोनदा वाचला. आठवड्यानं दयाराम एसटी स्टँडवर भेटला. "काय आपा, थंड झालं का डोकं?" चार माणसं बघत होती. तिच्या जिभेवर सगळं आलं. "तुमच्या वकिलाले पोचलं ना उत्तर? मंग त्याहीलेच विचारा," एवढंच म्हणून ती पुढं गेली. दुकानात आल्यावर मात्र तिनं खताच्या गोण्या पुन्हा या भिंतीवरून त्या भिंतीला लावल्या.

खोट्या शेऱ्यांचं काम तिनं चिकाटीनं केलं. एकेक खातं उघडून पाहिलं तर त्याच आठवड्यात त्याच नावांनी अमडापुरातल्या दोन आणि साखरखेर्ड्यातल्या एका दुकानाला तसाच एकेक तारा दिलेला. कधी कधी शब्दही तेच. दहा एकरवाला चुलता तिकडंही बुडाला होता. त्या दुकानदारांना तिनं गाठलं, चौघांनी मिळून तक्रार अधिकाऱ्याकडं छापील पुराव्यासह अर्ज केले. नऊपैकी सात शेरे उडाले. दोन राहिले, का राहिले ते कुणी सांगितलं नाही. सायबर पोलिसांकडं नोंद झाली, तपासाच्या परवानगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढं गेला, मंजूर झाला. एका खात्याचा फोन नंबर निघाला, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या वीटभट्टीवरच्या मजुराच्या कागदपत्रांवर घेतलेला. त्या बिचाऱ्याला चोरबीटी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. ते शेरे कुणी लिहिले, हे अजून कळलेलं नाही. तारखा पडत आहेत. दर तारखेच्या आदल्या दिवशी महेजबीनला जेवण जात नाही.

दिवाळीच्या सुमारास मंजुळाबाई दुकानात आली. हरभऱ्याचं बियाणं हवं होतं. पिशवी बांधून झाल्यावर म्हणाली, "ते मायं लिहिलेलं काढू का, आपा? सुनेले सांगतो."

"राहू द्या. खरं हाय ते."

त्या शेऱ्याखाली महेजबीननं आधीच लिहून ठेवलं होतं: 'मी शेतावर जाऊन पाहिलं. मंजुळाबाई खरं बोलत होत्या. मी आधी ऐकायला हवं होतं. या लॉटचं बियाणं नेलेल्यांनी पाकीट व बिल जपून ठेवावे, अर्जाला मदत करीन.' ते वाचून काही जण आले. काही जण तेच वाचून म्हणाले, पाहा, स्वतःच कबूल करते. दुकानाचे तारे तीनच्या आसपास अडकले, ते तिथंच आहेत.

चोवीसच्या हंगामात तिनं नवीन कंपनीचं बियाणं ठेवलं आणि एक रीत लावून घेतली. कपाशीचं पाकीट गेलं की बिलावर फोन नंबर लिहायचा आणि टोबणीपासून आठव्या दिवशी फोन करायचा. लोकांना हे विचित्र वाटलं. सकलैन म्हणाला, "दोनशे गिऱ्हाईकाले फोन करत बसशीन?" ती बसली.

अशाच एका दुपारी तिनं यादीतलं सत्तावन्नावं नाव लावलं. पलीकडं एक म्हातारा शेतकरी होता, घरीच बसलेला.

"निघालं का काका?"

"निघालं असन की."

"असन नाही. जाऊन पाहा. मी धरून राह्यते."

"आता या उन्हात?"

"हाव. चार ओळी तरी पाहा."

चपलांचा आवाज आला, मग कुत्रं भुंकलं, मग वाऱ्याची सरसर. म्हाताऱ्यानं फोन हातात तसाच चालू ठेवला होता. महेजबीन गल्ल्यामागून उठली, फोन कानाला लावून दारापर्यंत आली, पुन्हा आत गेली, पुन्हा दारापर्यंत आली.